माझी न्हाय, त्याची

दाजी,

तुमच्या रक्षाविसर्जनाला आलेले पाहुणे चहा पिऊन एकेक करून उठत होते. मी अंगणात माझ्या चपला शोधत होतो. आक्का उंबऱ्यापर्यंत आली. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती. मला वाटलं, आता हिला रडू फुटेल, म्हणून मी पुढे झालो. ती रडली नाही. शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, अगदी हळू म्हणाली,

“सदा, आता तरी सोडलीस काय?”

“काय सोडली?”

“सिगरेट. तुझ्या धुरानं गेले रं ते. आता तरी सोड.”

आणि आत निघून गेली.

पन्नाशी ओलांडली मी, पण आजवर एकही सिगरेट ओढलेली नाही. बिडी नाही, तंबाखू नाही. मला सुपारीनंसुद्धा चक्कर येते, हे तुम्ही लग्नाच्या पंगतीत बघितलं होतं आणि वर्षभर चिडवलं होतं. मी ओढत नाही हे जगात एकाच माणसाला डोळ्यांनी बघून ठाऊक होतं, आणि त्याची राख आम्ही त्याच सकाळी वेदगंगेत सोडून आलो होतो.

मला आधी वाटलं, दुःखानं आक्काचं भान गेलंय. कुणाचं कुणावर घालतेय. मी मागच्या दारी गेलो. तिथं तुमची मुक्ता भांडी पालथी घालत होती. तिला विचारलं, “आई असं का म्हणाली गं मला?”

पोरीनं वर बघितलंच नाही. “मामा, जाऊ दे ना आता. आईला काय बोलू नको. पप्पांनीच सांगितलेलं आम्हाला.”

“काय सांगितलेलं?”

“की मामा गाडीत ओढतो. पण त्याला कुणी काय विचारायचं नाही. त्याला वाईट वाटेल.”

दाजी, त्याला वाईट वाटेल! एवढी काळजी घेतलीत माझी.

तुम्ही वकील होता. निपाणीहून रोज बेळगावच्या कोर्टात जायचा. मी तिथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून, अधूनमधून पेपरात काहीबाही लिहिणारा. सकाळी घराजवळ हॉर्न वाजायचा, मी डबा घेऊन बाहेर पडायचो आणि संध्याकाळी तुम्ही मला तिथंच सोडायचा. आमच्या लग्नकार्यात लोक विचारायचे, मेव्हण्या-मेव्हण्याचं एवढं कसं काय जमतं? तुम्ही म्हणायचा, “जमतंय कुठलं? बसचा पास वाचतोय म्हणून बसतोय बेणं.” तुम्ही असं बोलायचा आणि मी आतून फुगायचो. वडील लहानपणी गेलेल्या माणसाला अशा शिव्यासुद्धा पुरतात.

तवंदी घाट उतरून गाडी सरळ लागली की तुम्ही खिशात हात घालायचा. पहिल्यांदा घातलात तेव्हा मी चमकलो होतो. आपल्याकडे माणूस ओढतो की नाही याला फार महत्त्व नसतं, कुणासमोर ओढतो याला असतं. तुमचे वडील असेपर्यंत तुम्ही चहासुद्धा त्यांच्याकडे पाठ करून प्यायचा. आक्कासमोर कधी नाही, मुलीसमोर नाही, कोर्टाच्या आवारात नाही. “हे आपलं गाडीतलं,” तुम्ही म्हणालात आणि काच खाली केलीत. माझ्यासमोर तुम्ही ओढलीत याचा मला त्रास झाला नाही दाजी, मला अभिमान वाटला. यांनी आपल्याला धाकटा मेव्हणा न धरता दोस्त धरलंय, असं वाटलं. धुरानं डोळे चुरचुरले तरी ते मी मानाचं लक्षण समजून चोळत होतो. मला आता स्वतःची कीव येते ती या जागी येते.

भांडणं मात्र झाली. खरं तर एकच भांडण झालं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. मी कुठंतरी वाचलं होतं की काही देशांत गाडीत लहान मूल बसलेलं असलं तर मोठ्यांनी ओढायची नाही असा कायदाच आहे. तुम्हाला सांगितलं.

“तू काय लहान मूल हायस?”

“मी न्हाय. पण आपल्याकडंबी कायदा हायच की. बसमधी पाटी असती.”

“ती सरकारी बस. सार्वजनिक जागा म्हणजे काय? जिथं कुणालाबी यायचा हक्क हाय ती. माझ्या गाडीत यायचा कुणाला हक्क हाय? तुला हाय? तू माझ्या परवानगीनं बसलायस.”

“आणि माझ्या नाकाची परवानगी कुणी घ्यायची?”

तुम्ही स्टिअरिंगवर थाप मारून हसला होता. “मेव्हणं, वकील व्हायला पायजे होतास तू. फुकट गेलास कारकुनीत.” आणि ती सिगरेट संपेपर्यंत ओढलीत.

एकदा गाडी गॅरेजला होती आणि आपण वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपनं निघालो. तुमचा हात सवयीनं खिशात गेला. काडी पेटवली न पेटवली तोच ड्रायव्हर आरशातून म्हणाला, “सायेब, गाडीत न्हाय. खाली उतरून वडा, मी थांबतो.” तुम्ही म्हणालात, “कुठल्या कायद्यानं रं?” तो म्हणाला, “गाडी माझी हाय, कायदाबी माझाच.” जीपमधल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही तर खूश! उतरल्यावर रस्ताभर मला ऐकवलंत, “बघ, त्या शहाण्याला कळलं. ज्याची गाडी त्याचा कायदा.”

“म्हणजे माझी गाडी असती आणि मी न्हाय म्हणालो असतो तर?”

“तर मी तुझ्या गाडीत बसलोच नसतो.”

मला हे सगळं अजून आवडतंच. आठवलं की हसू येतं. आणि हसता हसता आठवतं, की याच काळात, याच रस्त्यावरून घरी पोचल्यावर, तुम्ही माझ्याबद्दल काय सांगत होता.

आपण लहान होतो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. निपाणीतल्या व्यापाऱ्याच्या जीपमधून मी एकदा लग्नाला गेलो होतो. पुढे-मागे पाच-सहा मोठी माणसं, सगळी ओढत होती, थंडी म्हणून पडदे बांधलेले. मी खोकलो तर एका काकांनी पाठ थोपटून सांगितलं, पुढं बघ, रस्ता बघ, उलटी होणार न्हाय. त्यांना खरंच वाटत होतं की मला गाडी लागली आहे. त्यांच्यात लबाडी नव्हती. तुमच्या गाडीच्या वेळेपर्यंत लोकांना समजायला लागलं होतं. म्हणूनच तर तुम्हाला लपवावं लागलं. लाज वाटण्याइतकं कळत होतं तुम्हाला, आणि ती लाज ठेवायला तुम्ही माझी जागा शोधलीत.

हे कधी सुरू झालं असेल याचा मी इतके दिवस विचार करतोय. मला वाटतं, यमकनमर्डीच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या अडवल्या त्या सकाळी.

पुढे बॅरिकेड दिसलं. तुमच्या बोटात अर्धी जळालेली सिगरेट. “धर,” म्हणालात आणि माझ्या हातात दिलीत. “चालवणाऱ्याला दंड असतोय, बाजूच्याला न्हाय.” मी धरली. कशी धरायची तेही ठाऊक नव्हतं, पेन धरतात तशी धरली. पोलीस खिडकीशी वाकला. आधी धुराकडे, मग तुमच्याकडे बघितलं.

“येनु सर, गाडी ओडसुवाग सिगरेट?” गाडी चालवताना सिगरेट ओढता, असं विचारत होता.

तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. “नंदल्ल सर, अवरदु.”

माझी न्हाय, त्याची. पोलिसानं मला खाली उतरवलं. तुम्हाला काही बोलला नाही, मला मात्र वयाचा मान ठेवून, कन्नडमध्ये, चांगलं पाचेक मिनिटं झापलं. शेजारी दुसऱ्याचा जीव आहे, तो गाडी चालवतोय, त्याच्या नाकात धूर सोडता, शिकलेली माणसं तुम्ही. मी मान खाली घालून “होय सर, होय सर” करत होतो. हातात तुमची सिगरेट तशीच. मागे बस थांबली होती आणि तिच्यातली माणसं खिडकीतून माझ्याकडे बघत होती. मी परत बसलो तेव्हा तुम्ही हसून हसून लाल झाला होता.

“नंदल्ल सर, अवरदु!” मी तुमची नक्कल केली. मीसुद्धा हसलो. पुढे कित्येक दिवस ते आपलं गाडीतलं वाक्य झालं. गाडीत कुणी पादलं तरी, नंदल्ल, अवरदु.

त्या बसमध्ये आपल्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई होती. हे मला आता आक्काकडून कळलं. तिनं संध्याकाळी आक्काला येऊन सांगितलं, तुझा भाऊ भर रस्त्यात सिगरेट घेऊन उभा होता, पोलीस त्याला बोलत होता. आक्काला तोवर तुमच्या शर्टांचा वास येत होता आणि ती तुम्हाला विचारत होती. तुम्ही टाळत होता. त्या दिवशी तुम्हाला उत्तर आयतं मिळालं. कन्नडमधलं वाक्य फक्त मराठीत करायचं होतं.

त्यानंतरच्या सगळ्या गोष्टी मी चुकीच्या वाचत गेलो, दाजी. आता त्या उलट्या करून वाचतोय.

मुक्ता कॉलेजला बेळगावला जायला लागली तेव्हा मला वाटलं होतं, आता तिघं मिळून जाऊ. आक्कानं तिला बसचा पास काढून दिला. मला वाटलं, पोरीनं बापाला ओढताना बघू नये म्हणून आक्कानं शहाणपणानं केलं. म्हणजे आक्काला ठाऊक आहे, ती बोलत नाही एवढंच. मला तिचं कौतुक वाटलं. ती खरं तर पोरीला माझ्यापासून दूर ठेवत होती.

तुमचा खोकला वाढला आणि बेळगावच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, ओढता का? तुम्ही म्हणालात, न्हाय. डॉक्टरांनी चष्मा वर केला. “घरात किंवा बरोबरचं कुणी?” तुम्ही गप्प. आक्कानं वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ती डोळ्यांनी विचारतेय, सांगायचं का रं यांचं? मी मान खाली घातली. तुमची अब्रू सांभाळली. आणि तिनं त्या खाली घातलेल्या मानेत माझी कबुली बघितली.

तुम्ही तिथंच बसला होता. तुम्ही दोघांकडे बघत होता. तिला काय वाटतंय आणि मला काय वाटतंय, हे दोन्ही कळणारा त्या खोलीत एकच माणूस होता.

आता आईचं.

दाजी, यापुढचं लिहिताना मी दोनदा उठून गेलो. तुम्हाला ठाऊक आहे, आईनं आम्हाला बिड्या वळून वाढवलं. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, आणि बोटं चाललेली. तिच्या लुगड्याला, केसांना, तिनं भरवलेल्या घासाला तंबाखूचा वास असायचा. तिनं आम्हा दोघा भावंडांना एकच गोष्ट बजावली होती, हातानं करायचं पण तोंडाला लावायचं न्हाय. बाकी कशाला तिनं कधी शपथ घातली नाही. परीक्षेला नाही, देवाला नाही.

शेवटची काही वर्षं ती माझे शर्ट वेगळे भिजवायची. मी म्हणायचो, “आई, दाजींच्या गाडीचा वास गं तो.” ती “व्हय” म्हणायची. पुढं काही बोलायची नाही. मला वाटायचं, जावयाचं नाव निघालं म्हणून गप्प बसतेय.

ती दवाखान्यात होती तेव्हा तुम्हीच आम्हाला गाडीनं नेलंत आणलंत. जिन्यावरून तिला तुम्ही उचलून नेलं होतं, मला नाही जमलं. हे मी विसरलो नाही. ते खोटं कसं म्हणू? शेवटच्या सकाळी मी तिच्याजवळ एकटा होतो. तिचा हात माझ्या हातात होता. ती म्हणाली, “सोड रं बाळा आता. लई झालं.”

मला वाटलं, ती म्हणतेय, मला जाऊ दे आता. मी तिचा हात सैल केला. रडत म्हणालो, “सोडतो आई, सोडतो.” तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान होतं. मी ही गोष्ट तेव्हापासून किती जणांना सांगितली असेल! आमच्या आईनं स्वतः निरोप मागितला, मी दिला, किती शांत गेली. तुम्हालाही सांगितली होती, मी परत कामावर यायला लागल्यावर, एका संध्याकाळी घरी येताना गाडीतच. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, खाली उतरलात आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहिलात. मला वाटलं, तुम्हालाही आईची आठवण आली.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. होय ना? आई काय सोड म्हणत होती ते.

तेव्हा तरी सांगायचं होतं दाजी. आक्काला नाही, जगाला नाही, त्या मोकळ्या रस्त्यावर फक्त मला सांगायचं होतं. मी शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस बसनं गेलो असतो, आणि नवव्या दिवशी परत येऊन बसलो असतो. तुम्हाला मी तेवढाही ओळखीचा नव्हतो? तुम्ही परत गाडीत बसलात. घाट चढून घरी आलो. मी माझ्या आईला खोटं वचन देऊन आलोय, हे मला कळू न देता तुम्ही मला माझ्या दारात सोडलंत आणि म्हणालात, “जेवून झोप.”

मी निर्दोष नाही. तुम्हाला अडवायची जागा एकट्या माझी होती, आणि मी विनोद करत बसलो. मला दोस्तीचा मोठेपणा हवा होता. पण मी माझं काही कधी दुसऱ्यावर ढकललं नाही. आपल्या दोघांत एवढा फरक राहू द्या.

आक्काला सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घातले. माझी बायको म्हणाली, “आता सांगून त्यांना काय मिळणार?” खरं होतं. पण मला मिळणार होतं. माझी सख्खी बहीण मला तिच्या नवऱ्याचा मारेकरी समजून माझ्या पानात वाढणार, राखी बांधणार, हे मला सोसवेना. बाराव्याचं सगळं आवरल्यावर एका दुपारी गेलो.

ती लसूण सोलत बसली होती. मी समोर पाटावर बसलो आणि म्हणालो, “आक्का, मी कधी ओढली न्हाय. ते ओढायचे.”

ती लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, “मेलेल्या माणसावर घालतोयस?”

“खरं सांगतोय.”

“ते असताना का न्हाय सांगितलंस? त्यांच्या तोंडावर? आता ते उत्तर द्यायला न्हाईत म्हणून आलास? शिंपीणबाईनं डोळ्यांनी बघितलंय तुला. दवाखान्यात मान खाली कुणी घातली होती?” तिचा आवाज चढला. “ते तुला किती सांभाळून घ्यायचे ठाऊक हाय? लाजंल तो, बोलू नकोस म्हणायचे. आणि तू?”

दाजी, तुम्ही केस इतकी पक्की बांधून गेला होता की मी खरं बोलत असूनही गोंधळून गेलो. साक्षीदार तुमच्या बाजूचा, आरोपीची मान खाली, आणि फिर्यादी माझीच बहीण. शेवटी म्हणालो, “आक्का, त्यांना वेलदोडे कशाला लागायचे?”

“पित्ताला.”

“कधी खायचे?”

ती थांबली. तुमच्या खिशातली ती पितळेची डबी ती स्वतः भरून द्यायची. सोलून, दाणे काढून. “येताना खायचे,” ती म्हणाली. “घरात शिरताना तोंडात असायचा.”

“घाट लागायच्या आधी दोन टाकायचे तोंडात. आणि दोन्ही काचा खाली. पावसाळ्यातसुद्धा. मी भिजायचो म्हणून ओरडायचो.”

“जाताना?”

“जाताना कधीच न्हाय.”

तिनं सुरी खाली ठेवली. किती वर्षं ती वेलदोडे सोलत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून सरकत जाताना मी बघितलं. तुमच्या लबाडीत तिचेही हात होते, तिला न सांगता. मला वाटलं होतं की तिनं विश्वास ठेवला की मला हलकं वाटेल. मला काहीच हलकं वाटलं नाही. एका बाईचा नवरा दुसऱ्यांदा घेऊन जावा तसं वाटलं.

लसणाची सालं गोळा करत ती म्हणाली, “आईला मीच सांगितलं होतं रं.”

“ठाऊक हाय.”

“मीच सांगितलं होतं, तिनं तुला समजवावं म्हणून.”

मग म्हणाली, “तू जा आता.”

मी निघालो. नंतर कित्येक दिवस तिचा फोन नाही. मी केला तर मुक्ता उचलायची, आई झोपली आहे म्हणायची. बहिणीनं मला खरं मानलं होतं आणि तरीही मी तिला दारात नको होतो. अशा वेळी पूर्वी मी काय करायचो? तुम्हाला सांगायचो. आक्काची समजूत घालणं मला कधी जमलं नाही, ते काम तुमचं. तुम्ही नसताना तुमचाच राग घेऊन मी कुणाकडे जाऊ, हे मला अजून समजलेलं नाही.

परवा सकाळी तिचा फोन आला. मी ऑफिसला निघालो होतो, हल्ली बसनं जातो. ‘कसा हायस’ वगैरे काही नाही.

“कुठली ओढायचे?”

मी सांगितलं.

“दिवसाला किती?”

“जाताना एक, येताना एक. कोर्टात काय बिघडलं असलं तर दोन.”

“हां.” मग म्हणाली, “वडताना कसे दिसायचे रं?”

मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मला हे ठाऊक नाही. इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी बसलो. पण तुम्ही पेटवलीत की मी तोंड फिरवून बाहेर बघायचो. ऊस बघायचो, संकेश्वरच्या अलीकडची विटांची भट्टी बघायचो. धूर नको म्हणून. तुम्ही पुढचा रस्ता बघत असाल, डोळे बारीक करत असाल, हसत असाल, मला माहीत नाही. आक्काला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगता आलं असतं. पण आपल्या घरात यापुढे तुमच्याबद्दल एकही खोटी गोष्ट नको होती मला.

“मी खिडकीकडं तोंड करून बसायचो, आक्का.”

“म्हणजे तूबी बघितलं न्हाईस.”

“न्हाय.”

फोनमधून तुमच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकू आली. ती गॅस बारीक करून परत आली.

“मी त्यांच्याशी बोलत न्हाय सध्या,” म्हणाली. “सकाळी फोटोला हार घालते, पण बोलत न्हाय. तू सांग त्यांना.”

तुम्हाला आठवत असेल, तुम्हा दोघांचं वाजलं की असंच चालायचं. एकाच खोलीत बसून ती मला म्हणायची, सांग तुझ्या दाजींना, भात झालाय. आणि तुम्ही म्हणायचा, सांग तुझ्या बहिणीला, भूक न्हाय. मी मधे बसून दोन्हीकडचे निरोप पोचवायचो आणि जेवून जायचो.

“मी कसं सांगू आता?” मी म्हणालो.

“लिहितोस न्हवं तू पेपरात? लिही की. सगळं लिही, आईचंबी लिही. वाचू देत सगळ्यांना, त्यांच्या कोर्टातल्यांनाबी.” तिचा आवाज चिरकला, पण तिनं तो सावरला. “आणि रविवारी जेवायला ये. दोघं या.”

म्हणून हे लिहिलं, दाजी. माझं जे होतं ते वर सगळं सांगून झालं. आता तिचा निरोप तेवढा राहिलाय. आक्का तुमच्याशी बोलत नाही. तिनं सांगायला सांगितलंय.